वाफाऱ्याची परीक्षा

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, की लातूर-नांदेडच्या शिवारात मळणीयंत्राचा भुस्सा उडतो आणि घरोघरी नाकं चोंदतात. मग पातेल्यात पाणी उकळतं, त्यात मूठभर ओवा किंवा निलगिरीचे दोन थेंब पडतात आणि डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा सुरू होतो. घटकाभर बरं वाटतं, हे खरंच. पण त्यानं सायनसचा आजार बरा होतो का?

कपाळ आणि गालांच्या हाडांतल्या पोकळ्यांची, म्हणजे सायनसची, तोंडं सुजेनं बंद झाली, की आत स्राव साचतो आणि डोकं जड होतं. तीव्र आजार बहुधा विषाणूंमुळे होतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या काळात जे घ्याल, त्याला श्रेय मिळतं. म्हणूनच औषध घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना करावी लागते.

जर्मनीत २००४ मध्ये तशी तुलना झाली. १५२ रुग्णांपैकी निम्म्यांना निलगिरी तेलातला सिनिओल हा घटक कॅप्सूलमधून दिला, बाकीच्यांना औषध नसलेल्या कॅप्सूल. आठवड्याभरात सिनिओलवाल्यांचा त्रास तुलनेनं बराच कमी झाला. मात्र तो मोजून पोटात घेतलेला डोस होता. पातेल्यातून नाकात किती जातं, ते कुणी मोजत नाही. इंग्लंडमध्ये जुनाट सायनसच्या ८७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या वाफेनं डोकेदुखी कमी झाली, बाकी लक्षणं हलली नाहीत. मिठाच्या पाण्यानं नाक धुणाऱ्यांना थोडा फायदा झाला. म्हणजे आपली जलनेती वाफाऱ्यापेक्षा सरस ठरली!

मात्र बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट नाकात घालू नका. अमेरिकेत लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नेती करणारे दोघे अमिबाच्या संसर्गानं दगावले. पाणी उकळून कोमट करा. पाव लिटरला अर्धा चमचा मीठ पुरे. लहान मुलांना वाफारा देऊच नका, पातेलं उलटून भाजतं. दहा दिवसांत उतार पडला नाही, डोळ्याभोवती सूज आली, किंवा मधुमेह असताना नाकातून काळपट स्राव आला, तर थेट डॉक्टर गाठा.

वाफारा आणि नेतीखेरीज चरकसंहितेतलं अणुतैलाचं नस्य, म्हणजे नाकात तेलाचे थेंब सोडणं, आजही दिलं जातं. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. या संस्थांनी मिळून नस्य, ओव्याचा वाफारा आणि मीठ-पाणी यांची आपल्याच रुग्णांवर तुलना करावी. रुग्ण इथेच आहेत आणि वैद्यही. निकाल काहीही लागो, त्याचा उपयोग इथल्याच घरांना होईल.