एकच वारा, धरणावर आणि समुद्रावर

साठच्या दशकातलं कोयनानगर म्हटलं की धरणाचं काम आणि ११ डिसेंबर १९६७ची भूकंपाची पहाट आठवते. त्याच दशकात अरबी समुद्रावरही काही नोंदलं जात होतं, आणि त्याचं आपल्या डोंगराशी नातं आहे. जूनपासून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरणारा नैर्ऋत्य मोसमी वारा आधी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत वाहतो. तिथलं वरचं पाणी तो दूर लोटतो आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर प्लवक पोसतं, प्लवकावर मासळी, मासळीवर पाखरं.

१९६३-६४मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतल्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून पक्षीअभ्यासक आर. एस. बेली यांनी ही पाखरं टिपली. ती समुद्रभर सारखी विखुरलेली नव्हती. थंड पाण्यावर त्यांची दाटी होती, त्यात थेट अंटार्क्टिकाकडून आलेले विल्सनचे स्टॉर्म पेट्रेलही होते.

एवढ्या दाटीत प्रत्येकाचं पोट कसं भरतं? स्टॉर्म पेट्रेल लाटेला पाय टेकवत बारीक जीव वेचतो, बूबी उंचावरून सूर मारतो, स्कुआ दुसऱ्याच्या चोचीतला घास हिसकावतो. टर्न, म्हणजे आपला सुरय, खोल बुडत नाही. खालून कुपा माशांनी मासळी वर रेटली की त्याचं साधतं. पॅसिफिकमधल्या ख्रिसमस बेटावर पक्षीअभ्यासक अ‍ॅशमोल दांपत्याने पाखरांनी ओकलेलं अन्न तपासलं. भक्ष्य बरंचसं तेच, पण त्याचा आकार आणि ते पकडण्याची तऱ्हा वेगळी, असं त्यांनी १९६७मध्ये मांडलं.

त्याआधी, १९६३मध्ये फिलिप अ‍ॅशमोल यांचा एक तर्क प्रसिद्ध झाला होता: वीण चालू असताना वसाहतीभोवतालची मासळी पाखरंच संपवत आणतात. थेट पुरावा मिळायला २०२१ उजाडलं. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाभोवती उडत्या माशांची ही तूट दीडशे किलोमीटरच्याही पुढे आढळली. अठ्ठावन्न वर्षं तग धरलेला हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्याकडेही अशी वसाहत आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवर पक्षीअभ्यासक ह्यूम १८७५मध्ये गेला होता, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी तिथल्या टर्नवर १९४२मध्ये लिहिलं. तिथे ब्रायडल्ड टर्न वीण करतात. पिलांसाठी परत यायचं असल्याने त्यांना भोवतालच्याच पाण्यावर भागवावं लागतं. त्याच पाण्यात मासेमारीही चालते. राज्याने २०१६मध्ये मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, त्यामागे पारंपरिक मच्छीमारांची रास्त मागणी होती. असे निर्णय घेताना पिलं खडकावर असतात त्या महिन्यांपुरता तरी टर्नचा वाटा धरायलाच हवा.