खानदेशातील व्यापारी संकुले : दुकान-फलक व वृक्ष यांचे नियमन

व्यापारी संकुलाचे दर्शनी रूप दुकानांचे फलक व समोरील वृक्ष यांनी घडते. पाश्चात्त्य देशांतील अनेक नगरांत या दोहोंची तपासणी स्थानिक समिती एकत्रितपणे करते. जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्या. तेथे मात्र हा विषय तीन कायद्यांत विभागलेला आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २४४ व २४५ नुसार आकाशचिन्हे व जाहिराती यांसाठी आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक असते. तथापि, त्याच इमारतीतील व्यवसायाची माहिती देणाऱ्या, प्रकाशयोजना नसलेल्या फलकास कलम २४५ मध्ये सूट आहे. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील २०२२ च्या सुधारणेने देवनागरी लिपीतील मराठी नामफलक सर्व दुकानांना बंधनकारक झाला व मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असे ठरले. येथे अक्षराचे प्रमाण निश्चित होते, फलकाचे नव्हे. वृक्षतोडीस १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमान्वये पूर्वपरवानगी लागते.

या विभागणीचा परिणाम कडुनिंबाच्या फांदीआड फलक गेल्यावर जाणवतो. दुकानदारास नाव दिसणे हवे असते, तर ग्राहकास व पादचाऱ्यास खानदेशच्या उन्हाळ्यात सावली. कोणताही एक कायदा या दोन रास्त गरजा एकत्र तोलत नाही. बांधकाम नकाशातच फलकपट्टीची उंची व वृक्षांच्या जागा दर्शविल्यास हा संघर्ष आरंभीच टळू शकतो.