विश्लेषण : समुद्रातल्या ज्वालामुखीत सिलिकाने भरलेला शिलारस येतो कुठून?

जुलै २०१२ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या विमानातील एका प्रवाशाला समुद्रावर फिकट रंगाचा अवाढव्य तवंग दिसला. तो प्युमिस या सच्छिद्र, पाण्यावर तरंगणाऱ्या दगडाचा थर होता आणि सुमारे ४०० चौरस किलोमीटरवर पसरला होता. न्यूझीलंडच्या ईशान्येकडील कर्माडेक द्वीपमालेतील ‘हावर’ हा समुद्राखालचा ज्वालामुखी जागा झाला होता. खोल समुद्रातील गेल्या शतकभरातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक, पण तो सुरू असताना कुणाला पत्ताही लागला नाही. शास्त्रज्ञांना त्याहून मोठा प्रश्न पडला तो या दगडाबद्दल. तो होता रायोलाइट. त्यात सिलिकाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते. हा दगड समुद्राच्या मधोमध आला कसा?

सिलिका जास्त असल्याने काय बिघडते?

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात सिलिका साधारण ५० टक्के. असा लाव्हा पातळ असतो, त्यातील वायू सहज निसटतात आणि तो दूरवर वाहत जातो. सिलिका ६५-७० टक्क्यांवर गेली की तोच शिलारस (मॅग्मा) काकवीपेक्षाही कितीतरी पट चिकट होतो. वायू आत कोंडतात, दाब वाढतो आणि अखेर स्फोट होतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआचा स्फोट झाला, तेव्हा बाहेर पडलेला शिलारस प्रामुख्याने असाच, डेसाइट प्रकारचा होता. त्या स्फोटाने आणि त्सुनामीने ३६ हजारांहून अधिक बळी घेतले. अर्थात सिलिका हे स्फोटाचे एकमेव कारण नाही. वायूंचे प्रमाण आणि समुद्राच्या पाण्याशी येणारा संपर्कही तितकाच महत्त्वाचा असतो. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ झालेल्या प्रचंड स्फोटातील शिलारसात सिलिका मध्यमच होती.

मग यात कोडे कसले?

द्वीपमालांखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. खाली जाणारा पट्ट आपल्याबरोबर खनिजांमध्ये अडकलेले पाणी नेतो. खोलवर हे पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरते. पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. पण प्रावरणातून निघणारा हा रस मुख्यतः बेसाल्टचाच असतो. अँडीजसारख्या ठिकाणी तो जाड, जुन्या, सिलिकायुक्त खंडीय कवचातून वर येतो, त्यामुळे वाटेत सिलिका मिळाली असे म्हणता येते. कर्माडेक, टोंगा किंवा जपानच्या दक्षिणेकडील इझू-बोनिन द्वीपमालेखाली असे जुने खंडच नाही. तरीही तिथे डेसाइट आणि रायोलाइट सापडतात, तेही भरपूर.

पहिले उत्तर काय?

सरबत फ्रीझरमध्ये ठेवले की आधी पाण्याचा बर्फ धरतो आणि उरलेले सरबत अधिकाधिक गोड होत जाते. शिलारसाचेही तसेच. तो थंड होऊ लागला की ऑलिव्हिन, पायरॉक्सिन अशी सिलिका कमी असलेली खनिजे आधी स्फटिक होऊन वेगळी होतात. उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते. नॉर्मन बोवेन यांनी १९२८ मध्ये ग्रंथरूपाने ही कल्पना सविस्तर मांडली. अडचण हिशेबाची आहे. बेसाल्टपासून रायोलाइटपर्यंत पोहोचायचे तर मूळ रसाचा बहुतांश भाग गोठून जावा लागतो, हाती जेमतेम दहावा-पाचवा हिस्सा उरतो. शिवाय वाटेतल्या टप्प्यांचे, म्हणजे मध्यम सिलिकेचे दगडही मुबलक दिसायला हवेत. अनेक द्वीपमालांत ते कमी आढळतात. एका टोकाला बेसाल्ट, दुसऱ्या टोकाला डेसाइट-रायोलाइट आणि मध्ये पोकळी. भूवैज्ञानिक रेजिनाल्ड डाली यांच्या नावावरून तिला ‘डाली गॅप’ म्हणतात.

दुसरे उत्तर कोणते?

तेच गोठलेले सरबत बाहेर काढून ठेवले की गोड पाणी आधी सुटते आणि फिकट बर्फ मागे राहतो. द्वीपमालेच्या तळाशी आधी गोठलेले, पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचे खडक असतात. खालून अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा ताजा बेसाल्ट येऊन साचत राहिला की ते तापतात आणि थोडेसेच वितळतात. सुटणारा रस सिलिकायुक्त असतो. यात मधले टप्पे लागत नाहीत, त्यामुळे ‘डाली गॅप’चेही उत्तर मिळते. कर्माडेक आणि इझू-बोनिनच्या काही अभ्यासकांचा कल याच बाजूला आहे.

वाद मिटत का नाही?

कारण सरबताच्या उदाहरणातच आहे. गोठवताना उरलेले आणि वितळताना सुटलेले गोड पाणी चवीला सारखेच. इथे तळाचे कवच त्याच प्रावरणाच्या रसातून बनलेले असते. त्यामुळे मूळ शोधण्यासाठी वापरली जाणारी समस्थानिकांची खूणही दोन्हीकडे जवळपास एकच येते. आज अनेक संशोधक मधला मार्ग धरतात : कवचाच्या तळाशी एक ‘उष्ण पट्टा’ तयार होतो आणि तिथे गोठणे व वितळणे दोन्ही शेजारी शेजारी चालते. कोणत्या ज्वालामुखीत कोणाचा वाटा किती, हाच आता खरा प्रश्न आहे.

याचे महत्त्व काय?

खंडांच्या कवचात सरासरी सिलिका सुमारे ६० टक्के आहे, महासागराच्या तळात ५० टक्के. म्हणजे बेसाल्टच्या पृथ्वीवर खंड कसे घडले, याचे उत्तर याच कोड्यात दडले आहे. इझू-बोनिनखाली भूकंपलहरींनी खंडांसारख्या हलक्या खडकाचा थर दाखवला आहे. जिथे ही द्वीपमाला जपानच्या होन्शू बेटावर आदळते, तिथे तान्झावा डोंगरांत तसेच खडक उघडे पडले आहेत.

भारतालाही हा विषय परका नाही. अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी प्रामुख्याने बेसाल्टचा रस ओकतो. त्याच रांगेत उत्तरेला असलेले, सध्या शांत असलेले नारकोंडम मात्र अँडेसाइट आणि डेसाइटचे आहे. शेजारच्या दोन बेटांत हा फरक का, याचे उत्तर या दोन प्रक्रियांच्या हिशेबातच शोधावे लागेल. आणि समुद्राखाली कुठे चिकट रस साचतो आहे हे कळले, तर पुढच्या ‘हावर’साठी विमानातल्या प्रवाशाच्या नजरेवर अवलंबून राहावे लागणार नाही.