पत्ते पिसून मांडलेली गोष्ट

इटालो काल्व्हिनोच्या ‘द कासल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’मधले प्रवासी जंगल ओलांडून किल्ल्यात पोचतात तेव्हा त्यांची वाचा गेलेली असते. जेवणं उरकल्यावर टेबलावर टॅरोचा जोड येतो आणि एकेक जण पानं मांडून आपली कर्मकहाणी सांगू लागतो. एकाने मांडलेल्या ओळीला दुसरा आडवा छेद देतो. छेदावरचं पान दोघांचं, अर्थ मात्र ज्याचा त्याचा. शेवटी चौकोन भरतो आणि उलट बाजूने वाचला तरी गोष्ट निघते. १९६९ साली आलेला हा भाग पंधराव्या शतकातल्या व्हिस्कोन्ती जोडावर बेतलेला आहे. १९७३च्या पुस्तकात मार्सेय जोडावरचा, खानावळीत घडणारा दुसरा भागही आला. तिसरा भाग मोटेलमध्ये घडवून कॉमिकच्या तुकड्यांतून सांगायचा बेत होता, तो राहून गेला.

टॅरो म्हटलं की आज पुण्यातही भविष्यच आठवतं. मुळात तो पत्त्यांचा डाव. भविष्य त्याला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. युरोपात पत्ते मामलुक इजिप्तकडून आले असं अभ्यासक मानतात. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातल्या मामलुक पत्त्यांवर ‘कंजिफा’ असा शब्द आहे. त्या हिशेबाने काल्व्हिनोची पानं आणि आपली सावंतवाडीची गंजिफा ही लांबची चुलत भावंडं.

दशावतारी गंजिफेचा जोड १२० गोल पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, वर चितारी रंगकाम करत आणि लाखेचा हात फिरवत. खरी गंमत नियमांत आहे. राजा-प्रधानांखाली पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडतो, रात्री कृष्णाच्या.

मराठीत गंजिफेवर बांधलेली कादंबरी माझ्या वाचनात नाही. पण काल्व्हिनोची छेदाची युक्ती पत्त्यांशिवाय पुण्यात घडली आहे, असं मला वाटतं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’मध्ये (२००६) पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आधी तनय त्याला ‘तू’ म्हणत सारं सांगतो, मग अनुजाची डायरी सुरू होते. त्या माणसाला नाव नाही. तनयच्या ओळीतलं ते पान अनुजाच्या ओळीत वेगळंच काही सांगू लागतं आणि वाचकाला पहिला भाग मनातल्या मनात पुन्हा लावावा लागतो.

कादंबरीत गंजिफा वापरणाऱ्याची अडचण वेगळी. काल्व्हिनोला हवा तो अर्थ भरता आला. आपल्याकडे मत्स्य किंवा वामन हातात आला की वाचक पुढची कथा आधीच सांगून मोकळा होतो. म्हणून अवतारांना हात न लावता नुसते नियमच घ्यावेत. निम्म्या प्रकरणांत सर्वांत क्षुल्लक माणसाचं म्हणणं वरचढ ठरावं, आणि एकच भांडण एकदा दिवसाच्या पानाने उघडावं, एकदा रात्रीच्या.