तंजावरच्या अंधारातली पाकोळी

जुन्या देवळाच्या अंधाऱ्या ओवरीत पाऊल टाकावे आणि डोक्यावरून काहीतरी फडफडत जावे, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. 'वाघूळ आले!' म्हणत आपण डोके झाकून बाहेर पळतो. ते कोणत्या जातीचे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तंजावर भागातल्या अशाच एका लहानशा पाकोळीची नोंद मात्र शास्त्राने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी केली आहे.

तंजावरपासून सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगंबाडी आहे. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी तेथे ठाणे वसवले. १८०० मध्ये श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने तरंगंबाडीच्या पाकोळीचे वर्णन करून तिला नाव दिले. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजीराजे दुसरे होते. 'हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस' हे तिचे आजचे शास्त्रीय नाव. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ घोड्याचा नाल!

नाकावरून ओळख

या पाकोळीच्या नाकावर कातडीची पानासारखी घडी असते आणि तिचा खालचा भाग नालासारखा दिसतो. अशा नाकाच्या जाती अनेक आहेत. मग ही ओळखायची कशी? नालाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन छोट्या जादा घड्या असतात. दिसायला जवळच्या काही जातींत त्या दोनच असतात, तर काहींत मुळीच नसतात. शिवाय हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी मोजतात. ती साधारण ५ सेंटिमीटर भरते.

दुसरी खूण आवाजाची. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ही पाकोळी १३५ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडते आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरते. विशेष यंत्राने हा आवाज टिपला की तिला हात न लावताही तिची जात बरीचशी ठरवता येते.

सोबतीचे घड्याळ

मदुराई कामराज विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात याच जातीवर एक सुंदर प्रयोग केला. गुहेच्या गडद अंधारात एक पाकोळी पिंजऱ्यात ठेवली. तिला सूर्य दिसत नव्हता. तरीही बाकीच्या पाकोळ्या संध्याकाळी बाहेर पडू लागल्या की तीही वेळेवर हालचाल करू लागे. रिकाम्या गुहेत एकटी ठेवल्यावर मात्र तिचे घड्याळ रोज थोडे थोडे सरकत गेले. सोबतच तिला वेळ सांगत होती.

म्हणून वस्ती मोडली की केवळ छप्पर जात नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, त्यामुळे उजाड झालेली वस्ती लवकर भरून येत नाही. खाणीसाठी डोंगर फुटतात, जुन्या वास्तूंच्या डागडुजीत भोके बुजवली जातात, धूर करून पाकोळ्यांना हाकलले जाते. पतंग, भुंगे, माश्या खाणारा हा जीव फक्त भारत आणि श्रीलंकेतच आढळतो.

आपल्या गावात अशी वस्ती असेल तर आत शिरू नका, पाकोळ्यांना हात लावू नका. संध्याकाळी बाहेर उभे राहून, दाराशी मोठा उजेड न पाडता, बाहेर पडणाऱ्या पाकोळ्या मोजा. जागा, तारीख, वेळ आणि संख्या वहीत लिहून ठेवा. पुढे तिथे डागडुजी निघाली, तर पाकोळ्यांच्या बाजूने बोलायला तेवढी वही उपयोगी पडेल.