उघड्या मुळांची उंची

जमिनीवर दूरवर पसरलेली उघडी मुळं पाहिली की बहुतेकांच्या मनात येतं ते झाडाचं वय आणि त्याची चिवट पकड. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यासारख्या गावात मात्र आधी आठवायला हवी ती माती, जी एके काळी या मुळांवर होती आणि आता नाही. उघडं मूळ ही जमिनीच्या जुन्या पातळीची खूण आहे आणि ती मोजता येते. आपल्या वावरातली किती माती गेली हे सांगणारा इतका स्वस्त, इतका जवळचा पुरावा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

सोनाळा संग्रामपूर तालुक्यात येतं. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर आहेत. सुमारे 127 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 1997 मध्ये घोषित झालं आणि आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. दक्षिणेला पूर्णेचं सपाट खोरं पसरलं आहे. या दोहोंच्या मधे डोंगरातून वाहत आलेल्या गोट्यांचा, वाळूचा आणि मातीचा पट्टा आहे, ज्याला भूजलाचे अभ्यासक बझाडा म्हणतात. इथं पाणी भराभर मुरतं, पण उतारामुळे पावसाचा लोंढा आला की वरचा थर तितक्याच भराभर निघूनही जातो. जुलै 2023 च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या जमिनी खरडून गेल्या. अशा पुराचा निदान पंचनामा तरी होतो. दर पावसाळ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं जाणाऱ्या मातीची नोंद कुणी घेत नाही. ती नोंद झाडांच्या बुंध्याशी तेवढी उरते.

नाल्याकाठच्या सागाचं एखादं उघडं मूळ जवळून पाहा. वरच्या अंगाची साल जाड, भेगाळलेली, गुरांच्या खुरांनी घासलेली असते. खालच्या अंगाला माती अजून चिकटलेली असते, तंतुमुळं लोंबत असतात, आणि मधेच एखादा काळा गोटा मुळाच्या विळख्यात अडकलेला दिसतो. मूळ उघड्यावर आलं की त्याच्या लाकडाची घडणही बदलते. नव्या पेशी आणि वाहिन्या सहसा लहान होतात. त्यामुळे वर्षवलयं स्पष्ट असतील तर मूळ कोणत्या साली उघडं पडलं हे काढता येतं. अमेरिकेत व्हॅल्मोर लामार्श यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हाइट पर्वतरांगेतल्या अतिप्राचीन पाइन वृक्षांच्या मुळांवरून उतारांच्या झिजेचा वेग मोजला आणि 1968 मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांची वलयं वाचता येत नाहीत, पण सागाची येतात, आणि साग तर या डोंगरांचंच झाड आहे.

यावर पहिला आक्षेप असा की वड, पिंपळ, उंबर यांची मुळं मुळातच उघडी असतात. हे खरंच आहे. पाखरांनी टाकलेल्या बीपासून भिंतीच्या फटीत रुजलेल्या पिंपळाची मुळं वरून खाली येतात. तिथं माती गेलेलीच नसते. म्हणून ही झाडं मोजणीला घ्यायची नाहीत. साग, मोह किंवा धुऱ्यावरचा निंब घ्यायचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळ जाड होत जातं तसं त्याचं वरचं अंग आपोआप वर सरकतं, माती जराही न हलता. म्हणून मुळाच्या पाठीपासून मोजलं तर झीज फुगवून दिसते. मोजमाप मुळाच्या मूळच्या गाभ्यापासून करावं लागतं, आणि तेही एका नव्हे, अनेक झाडांचं. तिसरं म्हणणं असं की पूर्णेचं सगळं खोरंच डोंगरावरून आलेल्या गाळानं भरलं आहे, मग आता तक्रार कसली? तक्रार वेगाची आहे. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात. समजा, साठ वर्षांच्या झाडाभोवतीची जमीन 30 सेंटिमीटर खाली गेली. म्हणजे वर्षाला 5 मिलिमीटर. एका हेक्टरवरून 1 मिलिमीटरचा थर गेला तर साधारण 13 टन माती जाते. 5 मिलिमीटरचे 65 टन होतात. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी 1983 मध्ये देशाची सरासरी वर्षाला हेक्टरी सुमारे 16 टन काढली होती. नाल्याकाठचा आकडा सगळ्या शिवाराला लावता येत नाही हे मान्य, पण धोका कुठून सुरू झाला ते तो दाखवतो.

उघडी मुळं दिसली की लोक मायेनं त्यांच्यावर मातीचा ढीग घालतात किंवा सिमेंटचा पार बांधतात. झाडाला ते मानवत नाही. पाणी आणि हवा घेणारी बहुतेक तंतुमुळं वरच्या थरातच असतात. जाड भरावाखाली ती गुदमरतात आणि बुंधा कुजू लागतो. पालापाचोळ्याचा पातळ थर पुरतो, तोही खोडापासून जरा दूर. खरं काम झाडापाशी नसून त्याच्या वरच्या उतारावर आहे. समतल चर, दगडी बांध, धुऱ्यावरचं गवत यांनी पाण्याचा वेग मोडतो. पावसाळा सरला आहे, जमिनीची पातळी आता स्पष्ट दिसते. गावातल्या शाळेनं आणि ग्रामपंचायतीनं या दिवसांत निवडक झाडांच्या मुळांची उंची मोजून वहीत लिहून ठेवावी, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा तीच झाडं मोजावीत.