उरलेल्या मदतीचे काय होते?

आपत्तीनंतर गरजेहून जास्त जमलेल्या देणग्यांचे काय होते, याचा शोध मी कायद्यापासून सुरू केला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ व ५६ नुसार विश्वस्तांकडे पडून राहिलेली शिल्लक न्यायालयाच्या आदेशाने दुसऱ्या धर्मादाय कामी लावता येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने मात्र याहून साधी वाट धरली. कामापुरता पैसा जमताच, जानेवारीच्या आरंभीच, तिने त्सुनामीसाठी देणग्या मागणे थांबवले. मग देणगीदारांनाच विचारले : उरलेली रक्कम इतर संकटांसाठी वापरू का? बहुतेकांनी होकार दिला. पैसे परत मागणारे थोडेच निघाले. म्हणजे रक्कम वळवायला दात्याची हरकत क्वचितच असते. त्याला न विचारता ती वळवली, तर पुढच्या संकटात त्याचा हात आखडतो आणि त्याची झळ आपद्ग्रस्तांना बसते.